भागीदार हजर पाहिजे

आपल्या योजनेत कुणी खोट काढून दाखवावी, असं आव्हान कुलूपवाल्याने सोमवारी सकाळी चहा पिता पिता बायकोला दिलं.

बत्तीस वर्षं तो कुलपं दुरुस्त करत होता. शहरातली निम्मी दारं त्याने घासलेल्या किल्ल्यांनी उघडत आणि उरलेली निम्मी, किल्ल्या हरवल्या की, त्याच्या हातांनी. जो माणूस चोराच्या डोक्याने विचार करू शकतो त्याला नगरपालिकेच्या डोक्याने विचार करायला कितीसा वेळ लागणार, असं त्याचं म्हणणं.

"योजना काय ते तरी सांगा," बायको म्हणाली.

"आपल्या दुकानाविरुद्ध तक्रार करायची."

"कुणी?"

"आपणच. म्हणजे आपण करवायची."

बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तेव्हा ती समोर बसली आणि म्हणाली, "आता पहिल्यापासून सांगा."

पहिल्यापासून म्हणजे लेकीपासून.

दुकानाच्या पाटीवर 'कुलूपवाले आणि कन्या' असं लिहिलेलं होतं. लेक बारा वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की दुकानात यायची, स्टुलावर बसायची आणि कुलूप कानाशी धरून आतली कुठली पट्टी अडकलीये ते सांगायची. तिला अठरा पूर्ण झाली त्या दिवशी कुलूपवाल्याने परवान्यावर भागीदार म्हणून तिचं नाव घातलं आणि रंगाऱ्याला बोलावून पाटी वाढवून घेतली. पाटीवर जागा कमी पडली, अक्षरं एकमेकांना चिकटली, आणि बाजारात तिचं नावच 'आणिकन्या' पडलं. चहावाला विचारायचा, "काय, आज आणिकन्या नाही आली?"

अडीच वर्षांपूर्वी आणिकन्या दूरच्या एका मोठ्या शहरात नोकरीला गेली. बोट टेकवलं की उघडणारी कुलपं बनवायची कंपनी होती ती. ज्या कुलपाला किल्लीचं भोकच नाही ते कुलूप कसलं, असं कुलूपवाला चारचौघांत म्हणे, आणि त्याच चारचौघांना खिशातून तिच्या कंपनीचं पत्रक काढून दाखवी. दर रविवारी तिचा फोन येई.

"जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"हो. आईला देतो."

एवढ्या संभाषणासाठी तो दुपारपासून फोनच्या आसपास घुटमळत असे. फोन ठेवला की मग सगळं आठवायचं. परवा एक लोखंडी तिजोरी आली होती, तिला तीन किल्ल्या लागत होत्या, ते सांगायचं राहिलं. कपाटामागे तिची लहानपणची कानस सापडली, तेही राहिलं. ती घरी येऊन चौदा महिने झाले होते. "येते हं पुढच्या महिन्यात," असं ती दर महिन्याला म्हणायची.

"तिला सरळ सांगा ना, आठवण येते, ये म्हणून," बायको म्हणाली.

"तिची कामं असतात. बापानं बोलावलं तर ती रजा मागायला जाणार आणि तिचा साहेब तोंड वाकडं करणार. बापानं बोलावणं वेगळं आणि नगरपालिकेनं बोलावणं वेगळं. सरकारी कागदापुढे साहेबाचं काय चालतंय?"

आता अडचण एवढीच होती की नगरपालिका हल्ली कुणालाच बोलवत नव्हती. कुलूपवाला आठवड्यापूर्वी परवान्याच्या नूतनीकरणाला गेला होता. खिडकी क्रमांक चारवरच्या बाईंनी त्याला हसून परत पाठवलं होतं. काका, आता सगळं फोनवर होतं, म्हणाल्या.

"भागीदाराची सही?"

"फोनवर."

"पत्ता बदलला तर?"

"फोनवर."

"भागीदारालाच काढून टाकायचं असलं तर?"

"दोन मिनिटांत. फोनवर."

कुलूपवाल्याचा चेहरा पडला. "मग बाई, माणसाला प्रत्यक्ष इथे यावं लागेल असं काहीच उरलं नाही का?"

असा प्रश्न घेऊन त्या खिडकीवर आजवर कुणी आलेलं नव्हतं. बाईंनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि बराच वेळ चाळलं. "आहे एक. नियम सतरा. दुकानाविरुद्ध तक्रार आली तर सुनावणीला सर्व भागीदारांनी समक्ष हजर राहायचं. हा एक बदलायचा राहिलाय बहुतेक."

नियम सतरा बदलायच्या आत हालचाल करणं भाग होतं.

"पण तक्रार करणार कोण?" बायकोने विचारलं. "तुमच्याबद्दल वाईट बोलेल असा माणूस शोधायला हवा."

"गुरुजी आहेत की."

गुरुजी दुकानाच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहत. पस्तीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत होते. एकही छापून आलं नव्हतं. कुलूपवाल्याने विनंती करताच त्यांनी चष्मा पुसला आणि कोरे कागद पुढे ओढले.

"फार काही नको," कुलूपवाला म्हणाला. "एक ओळ पुरे. दुकानातून आवाज येतो आणि त्रास होतो."

"एका ओळीत निरोप होतो, तक्रार होत नाही," गुरुजी म्हणाले. "आणि हे पाहा, मी खोटं लिहिणार नाही. तुमचं किल्ल्या घासायचं यंत्र मला ऐकू येत नाही. त्याला दिवसातून दोनदा काम मिळतं. खरोखर जो आवाज येतो, तोच मी लिहीन."

"लिहा हो काय तो," कुलूपवाला म्हणाला. कोणता आवाज, हे विचारावं असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. नळाचा नाहीतर शटरचा असेल.

गुरुजींनी चार पानं लिहिली, पाकिटात घालून चिकटवली आणि स्वतः जाऊन टाकून आले.

तीन दिवसांनी निरीक्षक आला. सडपातळ माणूस, काखेत फाइल, हातात मोजायची फीत. कुलूपवाल्याने त्याचं जावयासारखं स्वागत केलं. पण निरीक्षक बसला नाही. तो दारातच थांबून दुकानाच्या आत पाहत राहिला.

"दुसरा कुठंय?"

"कोण दुसरा?"

"तुमच्याबरोबर काम करतो तो."

"इथे मी एकटाच असतो, साहेब."

निरीक्षकाने काउंटरखाली वाकून पाहिलं. कपाटामागे पाहिलं. मग त्याची नजर स्टुलावर गेली. स्टुलावर उशी होती. समोर कानशी ओळीने मांडलेल्या, तेल लावलेल्या. भिंतीवर दोन खिळे आणि दोन खिळ्यांना दोन एप्रन.

"हा एप्रन कुणाचा?"

"मुलीचा. ती भागीदार आहे. परगावी असते."

"किती दिवस झाले जाऊन?"

"अडीच वर्षं."

निरीक्षकाने एप्रनला हात लावला. "ओला आहे."

आता काय सांगणार? दर बुधवारी कुलूपवाला आपला एप्रन धुवायचा आणि तेवढ्याच पाण्यात तिचाही काढायचा. धूळ बसते म्हणून. ही गोष्ट घरीसुद्धा कुणाला ठाऊक नव्हती, आणि फाइल घेऊन आलेल्या माणसाला ती सांगावी असं काही त्याला वाटेना.

"धूळ बसते," एवढंच तो म्हणाला.

निरीक्षकाने लिहून घेतलं. मोठ्याने बोलत लिहायची त्याला सवय होती. "नोंद नसलेला कामगार. बसण्याची जागा, हत्यारं आणि नुकताच धुतलेला एप्रन आढळला. इसम पाहणीच्या वेळी पसार." मग त्याने फाइल मिटली. "सुनावणीपर्यंत दुकान सील करावं लागेल. परवाना रद्दही होऊ शकतो. मी कुलूप आणायचं विसरलो. तुमच्याकडे मिळेल ना?"

इथे कुलूपवाल्याची बत्तीस वर्षांची सवय आडवी आली. गिऱ्हाईक कुलूप मागतंय म्हटल्यावर त्याचं तोंड आपोआप उघडलं. "साधं हवं की मजबूत?"

"मजबूत असू दे."

त्याने सात लिव्हरचं, दुकानातलं सगळ्यात चांगलं कुलूप काढलं, तेलाचा थेंब सोडला, दोनदा उघडझाप करून दाखवली आणि पावती फाडली. पाचव्या मिनिटाला तो त्याच कुलपाच्या बाहेरच्या बाजूला उभा होता आणि किल्ली निरीक्षकाच्या खिशात होती.

सुनावणीपर्यंतचे दिवस त्याने पायरीवर बसून काढले. घरी बसवेना. येणारा-जाणारा थांबून विचारी, "का हो, किल्ली हरवली?" एकाने तर, माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचा एक कुलूपवाला आहे, बोलावू का, असं मनापासून विचारलं. तो मेव्हण्याच्या ओळखीचा कुलूपवाला म्हणजे हाच होता.

बायको डबा घेऊन यायची, शेजारी बसायची आणि वरच्या पाटीकडे पाहायची. परवाना गेला तर पाटी उतरवावी लागणार. पाटी उतरली की भागीदारी संपली. लेकीला एक दिवस घरी आणायच्या नादात तिचं नावच दुकानावरून पुसायची वेळ त्याने स्वतःच्या हाताने आणली होती.

त्यातल्या त्यात समाधान एकच. नोटीस लेकीला पोचली होती. तिचा फोन आला, तोही रविवार नसताना. कुलूपवाल्याने पहिल्याच घंटेला उचलला.

"जेवलीस?"

"बाबा, कोण आहे तुमच्याकडे?"

"आई आहे. देऊ?"

"दुकानात कोण आहे? नोटिशीत लिहिलंय. माझ्या स्टुलावर बसतो, माझा एप्रन घालतो."

"कुणी नाही गं."

"कुणी ठेवलं असलंत तर मला काही नाही. एकट्यानं होत नसेल तुम्हाला. फक्त सांगायचं होतं. मी गुरुवारी येते."

कुलूपवाल्याने फोन ठेवला. आपली योजना तंतोतंत पार पडली आहे, हे त्याला कळत होतं. मग आनंद का होत नाहीये, ते मात्र कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती थेट बसवरून नगरपालिकेच्या आवारात आली. वाळली होती. केस कापले होते. आईच्या गळ्यात पडली, आणि बापाला "कसे आहात?" असं विचारून दुसरीकडे पाहत उभी राहिली. चौदा महिन्यांपासून ज्या क्षणाची तो वाट पाहत होता, तो हा असा गेला.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. मधोमध अधिकारी, त्यांच्या डावीकडे टंकलेखनाला खिडकी चारवरच्या बाई. निरीक्षक रजेवर होता, त्याचा अहवाल फक्त आला होता. गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून आले होते. अधिकाऱ्यांनी चार पानं उलटून पाहिली आणि म्हणाले, "तक्रारदारांनी स्वतःच वाचून दाखवलं तर बरं. अक्षर सुंदर आहे, पण वेळ जाईल."

गुरुजी उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं पत्र ऐकायला बसलं होतं.

"महोदय," त्यांनी वाचायला सुरुवात केली, "सदर गृहस्थांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तथापि, दुपारी दोन ते पाच या माझ्या विश्रांतीच्या वेळी ते दुकानात कुणाशी तरी अखंड बोलत असतात. त्यांचा आवाज लाकडी तक्तपोशीतून स्पष्ट वर येतो. उदाहरणार्थ, 'हे धर जरा.' 'तिसरी पट्टी अडकलीये का बघ.' 'अगं, उजेडात ये, डोळे बिघडतील.' 'आज तिजोरी आलीये, तुला आवडेल.' मधूनच ते हसतात. कधी कधी कुलूप उघडल्यावर 'शाब्बास' म्हणतात. समोरून उत्तर आलेलं मी कधी ऐकलेलं नाही."

अधिकाऱ्यांनी हात वर केला. "थांबा. 'अगं' म्हणाले? म्हणजे स्त्री कामगार आहे." ते कुलूपवाल्याकडे वळले. "नाव काय तिचं?"

बायकोनेही मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. लेक तर पाहतच होती.

आपण बोलतो? दोन ते पाच? कुलूपवाल्याला खरंच माहीत नव्हतं. दुपारी दुकानात अगदी चिडीचूप असतं, अशीच त्याची समजूत होती. त्या शांततेचाच तर त्याला कंटाळा यायचा.

"तिथे कुणी नाहीये, साहेब," तो म्हणाला.

"मग बोलता कुणाशी? हे पाहा, समाधानकारक खुलासा झाला नाही तर मला परवाना रद्द करावा लागेल."

कुलूपवाल्याने टोपी काढली, परत घातली. "हिच्याशी," तो म्हणाला आणि त्याने लेकीकडे बोट दाखवलं.

"या तर अडीच वर्षं इथे नाहीत."

"म्हणूनच, साहेब."

बाईंची बोटं कळांवर थांबली होती. "साहेब, खुलासा म्हणून काय लिहू?"

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. ते काही मऊ मनाचे म्हणून प्रसिद्ध नव्हते. सकाळपासून त्यांनी दोन परवाने रद्द केले होते. त्यांनी थोडा विचार केला. "लिहा. दुकानात नोंद नसलेला कामगार नाही. परवानाधारकास भागीदाराची आठवण येते."

"कुठल्या रकान्यात?"

"'इतर'मध्ये घाला." मग ते लेकीकडे वळले. "नियमाप्रमाणे भागीदाराचंही म्हणणं घ्यावं लागतं. तुमचं काय म्हणणं?"

लेक खिडकीबाहेर पाहत होती. "तेच," ती म्हणाली.

"'वरीलप्रमाणे' लिहू?" बाईंनी विचारलं.

"लिहा."

सह्या झाल्या. परवाना कायम राहिला. दुपारी दोन ते पाच आवाज खालच्या पट्टीत ठेवावा, अशी ताकीद मिळाली. गुरुजींना आपलं पत्र पूर्ण वाचायला मिळालं नाही याची रुखरुख लागली होती. उरलेली दोन पानं त्यांनी परतीच्या रस्त्यात कुलूपवाल्याच्या बायकोला वाचून दाखवली.

दुकानासमोर आल्यावर लक्षात आलं की सीलच्या कुलपाची किल्ली रजेवर गेलेल्या निरीक्षकाच्या खिशात आहे. लेकीने कार्यालयात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, तुम्ही कुलूपवालेच ना? मग उघडा की.

दोघं पायरीवर बसली. कुलूपवाल्याने खिशातून कुलूप उघडायचा तारेचा आकडा काढला. स्वतःच विकलेलं कुलूप होतं ते, अर्ध्या मिनिटाचं काम. त्याने आकडा आत घातला, इकडेतिकडे फिरवला आणि मान हलवली.

"जमत नाहीये गं. बघ बरं तू."

लेकीने कुलपाला कान लावला. या जातीचं कुलूप ती पंधराव्या वर्षी डोळे मिटून उघडत असे. तिने बराच वेळ ऐकलं. "अवघड आहे, बाबा. तिसरी अडकलीये का?"

"चौथी असेल."

"थांबा, परत बघते."

"बघ. घाई नाही."

मग तिजोरीची गोष्ट निघाली. मग तिच्या कंपनीतल्या एका कुलपाची, जे थंडीत गार बोटांना ओळखतच नाही आणि घरमालकाला बाहेर उभं करतं. तो इतका हसला की आकडा हातातून पडला. बायको हातात पिशव्या घेऊन तासभर उभी होती. शेवटी ती म्हणाली, "तुमचं उघडलं की सांगा, मी घरी जाऊन स्वयंपाकाला लागते."

लेक रविवारपर्यंत राहिली. सगळं गोडगोड झालं असं नाही. शनिवारी सकाळी कानस कशी धरावी यावरून दोघांचं असं वाजलं की चहावाला चहा ठेवून आल्या पावली परत गेला, आणि गुरुजींनी वरून तक्तपोशीवर काठी आपटली.

रविवारी ती निघाली. बॅग घेऊन दुकानासमोर उभी होती, तेवढ्यात गुरुजी सज्जातून वाकले. कुलूपवाला शेजारीच आहे आणि लेक अजून गेलेली नाही, यातल्या दुसऱ्या गोष्टीकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"अहो, पुढची तक्रार कधी टाकायची तेवढं आधी सांगून ठेवा," ते म्हणाले. "यावेळी तुम्ही फार घाईत लिहून घेतलीत. मला मजकूर अजून फुलवता आला असता."

कुलूपवाल्याला जमीन दुभंगावी असं वाटलं. तो शटरच्या खाचेतली माती बोटाने काढू लागला. लेकीने त्याच्याकडे पाहिलं, मग वर गुरुजींकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. नियम सतरा, गुरुजींची चार पानं आणि बापाचं ते पडलेलं तोंड, सगळं एकेक करून तिच्या डोक्यात बसत गेलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"गुरुजी, थंडी संपली की टाका," ती म्हणाली. "तेव्हा मला रजा मिळते."

बस वेळेवर आली. तिने खिडकीतून हात केला, त्याने केला, आईने केला. बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी कुलूपवाला हात खाली घ्यायला विसरला होता.

घरी येताना अर्ध्या रस्त्यात तो एकदम थांबला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"तिकडे थंडी कधी संपते," तो म्हणाला, "ते विचारायचंच राहिलं."